‘हरकत नाही’ लिहिण्याआधी : मराठवाड्यातल्या फौजदारी वकिलांना खुलं पत्र

वकील मित्रहो,

बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली, जालना आणि आमच्या संभाजीनगरच्या सत्र न्यायालयांत आरोपीची बाजू मांडणाऱ्या तुम्हा सगळ्यांना हे पत्र आहे. पोलिसांना किंवा प्रयोगशाळेला लिहिलं असतं तर टाळ्या जास्त मिळाल्या असत्या. पण माझी तक्रार तुमच्याबद्दल आहे : शस्त्रांच्या तपासणीचा प्रयोगशाळेचा अहवाल आला की काही न विचारता ‘हरकत नाही’ लिहून दिलं जातं. म्हणून पत्रही तुम्हालाच.

मी उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठात विधी सेवेच्या पॅनेलवर काम करते. ज्यांच्या घरी आता वकील लावायला पैसा उरलेला नाही, अशा जन्मठेपेच्या कैद्यांची अपिलं माझ्याकडे येतात. पेपरबुक, म्हणजे खटल्याच्या कागदांचा बांधलेला संच, हातात पडतं तेव्हा खटल्याचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. साक्षीदाराला मी काही विचारू शकत नाही. तुम्ही विचारलं तेवढंच माझं भांडवल. अपिलात जादा पुरावा घेण्याची तरतूद आहे, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३९१, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ४३२. पण ‘खालच्या कोर्टात का विचारलं नाही?’ हा पहिला प्रश्न खंडपीठाकडून येतो आणि त्याला माझ्याकडे उत्तर नसतं.

सध्या टेबलावर असलेल्या एका पेपरबुकाबद्दल सांगते. अपील सुनावणीला आहे, म्हणून गाव, साल, नावं सांगत नाही.

घटना आपल्याकडच्या शंभर घटनांसारखी. बांधाचा जुना वाद, दोन्ही बाजूंनी दिलेल्या अदखलपात्र तक्रारी, आणि मग एका रात्री आखाड्यावरून (शेतातल्या गोठ्यावरून) घरी निघालेल्या शेतकऱ्याचा पाणंदीत गोळ्या लागून मृत्यू. पुतण्या मागून मोटरसायकलवर येत होता. त्याने लागोपाठ दोन आवाज ऐकले आणि दिव्याच्या उजेडात एक माणूस ज्वारीत शिरताना पाहिला. चेहरा दिसला नाही. चालण्यावरून ओळखला, असं तो कोर्टात म्हणाला. पोलिसांपुढच्या जबाबात तसं काही नाही. आरोपी दोन : शेजारचा शेतमालक आणि त्याचा सालगडी. मालक पुराव्याअभावी सुटला. सालगड्याला जन्मठेप लागली, कारण गावठी कट्टा त्याने ‘काढून दिला’ होता.

कुठून? मालकाच्या आखाड्यावरच्या कडब्याच्या गंजीतून. तिथे चार माणसांचा राबता. एक पंच फितूर झाला, दुसरा पोलीस ठाण्यासमोर झेरॉक्सचं दुकान चालवणारा. असल्या पंचांची उलटतपासणी आपल्याला झोपेतही घेता येते, आणि या वकीलसाहेबांनी ती छान घेतली आहे. गंज किती हात उंच होती, वरून चौथी पेंढी कुणी ओढली, सही गंजीपाशी केली की ठाण्यात. पानंच्या पानं भरली आहेत. मग प्रयोगशाळेचा अहवाल आला. त्या दिवसाच्या रोजनाम्यात एक ओळ : बचाव पक्षाची हरकत नाही, पुरसिस (तसं लिहून दिलेलं निवेदन) दाखल, निशाणी दिली. निकालपत्रात मात्र सगळ्यात लांब चर्चा त्याच अहवालाची आहे. अंधारात माणूस चुकू शकतो पण विज्ञानाला चुकायचं कारण नाही, अशा अर्थाचं वाक्य तिथे आहे आणि त्यानंतर लगेच शिक्षा.

तो अहवाल मी अनेकदा वाचला. दीड पानाचा आहे. मुद्देमालात कट्टा, घटनास्थळावरच्या दोन पुंगळ्या (झाडलेल्या काडतुसांची रिकामी टरफलं), शवविच्छेदनात निघालेला शिशाचा चेपलेला तुकडा. कट्टा एकनळी, .३१५ चा, चालू स्थितीत. पुंगळ्यांच्या बुडावर ‘८ एमएम केएफ’, म्हणजे खडकीच्या कारखान्याचं, देशभर सापडणारं काडतूस. निष्कर्ष असा की पुंगळ्यांवरच्या फायरिंग पिनच्या (काडतुसाच्या बुडावर आदळणाऱ्या खिळीच्या) खुणा चाचणीत उडवलेल्या पुंगळ्यांशी जुळतात. शिशाच्या तुकड्याबद्दल लिहिलं आहे की नळी आतून गुळगुळीत असल्याने तुलनेला पुरेशा खुणा नाहीत, तो .३१५ च्या गोळीचा असू शकतो.

निकालपत्रात याचं काय झालं? ‘मयताच्या शरीरातील गोळी याच पिस्तुलातून झाडली गेल्याचे शास्त्रीय अहवालावरून सिद्ध होते.’ अहवाल असं कुठेच म्हणत नाही. ज्या तज्ज्ञाने सही केली त्याला पिंजऱ्यात बोलावलं असतं तर त्यानेच ‘साहेब, मी असं म्हटलेलं नाही’ म्हणून सांगितलं असतं. त्याला बोलावलंच नाही. सरकारी वकिलांना गरज नव्हती, आपल्याला इच्छा नव्हती.

आता त्या एकनळीकडे या. असा कट्टा मधून मोडायचा, एक काडतूस घालायचं, बंद करायचा, घोडा ओढायचा. पुंगळी आपोआप बाहेर उडत नाही. दुसरा बार काढायचा तर पुन्हा मोडा, पुंगळी काढा, आणि या नळ्या इतक्या ओबडधोबड असतात की फुगलेली पुंगळी बऱ्याचदा नखाने निघत नाही, काडी किंवा खिळा घालून उचकटावी लागते. मग दुसरं काडतूस. रात्र, पाणंद, समोर जखमी माणूस, मागून मोटरसायकलचा दिवा. आणि साक्षीदार म्हणतो, आवाज लागोपाठ आले. पुतण्याला कुणी विचारलं का, दोन आवाजांच्या मध्ये किती वेळ गेला? तज्ज्ञाला कुणी विचारलं का, या कट्ट्याला पुंगळी ओढणारा भाग आहे की नाही, चाचणीच्या वेळी पुंगळी कशी निघाली? नाही. एक प्रश्न, दोन मिनिटं. उत्तर आरोपीच्या विरोधातही गेलं असतं कदाचित. पण ते कागदावर असतं.

मुद्देमालाची कथा आणखी वेगळी. जप्ती पंचनाम्यात ‘पाकिटात बंद करून पंचांच्या सह्यांचे लेबल लावले’ इतकंच, लाखेच्या सीलचा उल्लेख नाही. प्रयोगशाळेचा अहवाल म्हणतो, सील शाबूत, नमुन्याप्रमाणे. कुठला नमुना? पोचपावतीत नमुना सील पाठवल्याची नोंद नाही. पुंगळ्या आणि कट्टा एकाच दिवशी, एकाच शिपायासोबत, एकाच पत्राने गेले आहेत. म्हणजे कट्टा सापडल्यानंतर दोन्ही गोष्टी तीन आठवडे एकाच खोलीत होत्या, आणि त्या खोलीत चाचणी म्हणून कुणी बार काढला का, हे मुद्देमाल कारकुनाला कुणी विचारलं नाही. तो शिपाई तर साक्षीदारांच्या यादीतच नाही. पोलिसांनी पुंगळ्या बदलल्या असं मी म्हणत नाही. बदलल्या नाहीत हे सिद्ध करायची जबाबदारी ज्यांची, त्यांनी ती पार पाडली नाही, आणि आपण ‘हरकत नाही’ लिहून त्यांना मोकळं केलं.

(कोर्टाच्या कपाटातही वस्तू सुरक्षित असते या भ्रमात राहू नका. अमेरिकेतल्या सॅको-व्हँझेटी खटल्यात १९२४ साली सॅकोच्या पिस्तुलाची नळीच बदललेली निघाली. त्याआधी बचाव पक्षाच्याच तज्ज्ञाने न्यायाधीशांसमोर तसलीच दोन नवी पिस्तुलं आणून सगळी खोलून दाखवली होती. तेव्हा ‘आपला’ तज्ज्ञ आणतानाही डोळे उघडे ठेवा.)

आणि ते अग्रेषण पत्र! तपास अधिकारी प्रयोगशाळेला लिहितात : ‘आरोपीने गुन्ह्यात वापरलेले पिस्तूल व त्यातून झाडलेल्या पुंगळ्या पाठवीत आहोत, तरी सदर पुंगळ्या सदर पिस्तुलातून झाडल्या आहेत काय याबाबत अभिप्राय मिळणेस विनंती आहे.’ उत्तर प्रश्नातच भरलेलं. सोबत आरोपीचं नाव, वय, गाव, कलमं. सूक्ष्मदर्शकाखाली बघणाऱ्याला आरोपीचं गाव कशाला हवं?

तुमच्यापैकी बरेच जण म्हणतील, मॅडम, बॅलिस्टिक, बंदूक-गोळ्यांची तपासणी, म्हणजे विज्ञान, त्यात आम्ही काय विचारणार. म्हणून थोडं सांगते, कारण मूळ गोष्ट फार अवघड नाही. कारखान्यात बनलेल्या बंदुकीच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात, गोळीला फिरकी देण्यासाठी. त्या गोळीवर उमटतात. खाचा किती, उजव्या पिळाच्या की डाव्या, रुंदी किती, हे एका बनावटीच्या सगळ्या बंदुकांत सारखं. त्यावरून जात कळते, बंदूक कळत नाही. घटनास्थळावरून एमएच २३ पासिंगची पांढरी बोलेरो गेली आणि आरोपीकडे पांढरी बोलेरो आहे, इतकाच त्याचा अर्थ. बीडमध्ये एवढ्यावर कुणाला उचलायचं ठरवलं तर तुरुंग पुरायचे नाहीत. खरी ओळख पटवायची ती त्या एकाच हत्याराने सोडलेल्या बारीक ओरखड्यांवरून : नळीतले, पिनच्या टोकाचे, पुंगळीचं बूड जिथे आदळतं त्या पृष्ठभागाचे. चाचणीची आणि घटनास्थळावरची पुंगळी तुलना-सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवतात, दोन्हींची अर्धी-अर्धी प्रतिमा एका चौकटीत येते आणि रेषेला रेषा मिळते का ते तज्ज्ञ डोळ्यांनी पाहतो. किती रेषा मिळाल्या म्हणजे पुरे, याचा सगळ्यांना बांधील असा आकडा नाही. तज्ज्ञाचा अनुभव ठरवतो. अनुभव ही मोठी गोष्ट आहे, पण तिची उलटतपासणी होऊ शकते.

गुळगुळीत नळीच्या कट्ट्यात पिळाच्या खाचांचा प्रश्नच नाही, म्हणून सगळा भार पिनवर आणि बुडाच्या खुणांवर येतो. इथे प्रामाणिकपणे एक सांगायला हवं : कट्टा म्हणजे जुळणी अशक्य, असं धरून चालू नका. कानशीने घासलेल्या लोखंडावर ओरखडे भरपूर असतात. सर्वोच्च न्यायालयाने कलुआ विरुद्ध उत्तर प्रदेश या निकालात गावठी पिस्तूल आणि एका पुंगळीची जुळणी मान्य करून शिक्षा कायम केली. पण तिथे तज्ज्ञाने काय केलं, काय पाहिलं आणि का जुळलं म्हटलं, याची कारणं न्यायालयापुढे होती. माझ्या पेपरबुकात फक्त ‘जुळतात’ आहे. किती चाचण्या उडवल्या? कुठल्या काडतुसांनी? फोटो काढले का? दुसऱ्या तज्ज्ञाने स्वतंत्रपणे तपासलं का? पिन मऊ लोखंडाची असेल आणि मधल्या काळात कट्टा आणखी वापरला किंवा गंजला असेल तर खुणा बदलतात, त्याचा विचार केला का? मध्य प्रदेशातल्या, कट्ट्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या उमर्टी गावाकडून येणारा माल एकाच हाताने, एकाच अवजारांनी घडत असेल तर एका भट्टीच्या दोन कट्ट्यांत साम्य किती असतं, हे कुणी पाहिलं आहे का?

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळाने २०१६ मध्ये या शास्त्राचा आढावा घेतला. त्यांना नीट आखलेला एकच अभ्यास सापडला, आणि त्यात मुळात न जुळणाऱ्या नमुन्यांना ‘जुळले’ म्हणण्याचं प्रमाण साधारण ६६ मध्ये एक. ते ४६ मध्ये एकपर्यंतही असू शकतं. तिथल्या तज्ज्ञांना हा निष्कर्ष मान्य नाही, तो वाद चालू आहे. पण तो अभ्यास कारखान्यातल्या नव्या पिस्तुलांवर झाला होता, पाण्याच्या पाइपातून घडवलेल्या कट्ट्यांवर नव्हे. २००८ मध्ये डेट्रॉइट पोलिसांची प्रयोगशाळा बंद करावी लागली, कारण शस्त्रांच्या फेरतपासणीत दहापैकी एक प्रकरण चुकीचं निघालं. २०२३ मध्ये मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने एका खुनाची शिक्षा रद्द करून सांगितलं की ‘ही गोळी याच बंदुकीतून सुटली’ असं तज्ज्ञाने ठामपणे म्हणायला पुरेसा शास्त्रीय आधार दाखवलेला नाही.

पण मला सगळ्यात जास्त टोचतं ते अलाबामातलं अँथनी रे हिंटन यांचं प्रकरण, कारण त्यात दोष वकिलाचा होता. १९८५ सालचे दोन खून. आईच्या घरातल्या जुन्या .३८ रिव्हॉल्व्हरशी गोळ्या जुळतात, मुख्यतः या आधारावर फाशीची शिक्षा. सरकारी वकिलाच्या तज्ज्ञांना उत्तर द्यायला बचावाला तज्ज्ञ हवा होता. वकिलाला वाटलं की कायद्याने हजार डॉलरच मिळतात. कायदा आधीच बदलला होता, त्याने पाहिलं नाही. हजारात जो मिळाला तो एका डोळ्याने अधू, आणि कोर्टात त्याला सूक्ष्मदर्शकही नीट हाताळता आला नाही म्हणून त्याची टर उडवली गेली. पुढे नावाजलेल्या तज्ज्ञांनी तपासलं तर त्या गोळ्या त्या रिव्हॉल्व्हरशी जुळवता येईनात. २०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वकिलाची कामगिरी अपुरी ठरवली. हिंटन ३ एप्रिल २०१५ ला बाहेर आले, जवळपास तीस वर्षांनी.

आपल्याकडे कायदा काय कमी आहे? कलम २९३ खाली (आता नागरिक सुरक्षा संहितेचं ३२९) ठरावीक सरकारी तज्ज्ञांचा अहवाल साक्षीशिवाय वाचता येतो, हे सगळ्यांना पाठ. त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात न्यायालय त्या तज्ज्ञाला बोलावून तपासू शकतं, हे मात्र कुणी वाचत नाही. आणि यादीत संचालक, उपसंचालक, सहायक संचालक अशी पदं आहेत. तुमच्या अहवालावर सही कुणाची आहे, तो अधिकारी यादीत किंवा अधिसूचनेत बसतो का, एवढं तरी बघा. १९९५ च्या सुखवंत सिंग निकालात शस्त्र आणि पुंगळ्या हाती असताना तज्ज्ञाचं मत न घेणं सरकार पक्षाला महाग पडलं होतं. १९९९ च्या जय लाल निकालात तज्ज्ञाने निष्कर्षामागची कारणं आणि निकष न्यायालयाला द्यायला हवेत असं म्हटलंय. तो खटला सफरचंदांवरच्या रोगाचा होता! सफरचंदांना जे लागू ते माणसाच्या जन्मठेपेला लागू नाही का?

जेसिका लाल खटला आठवा. शस्त्र कधीच सापडलं नाही, दोन पुंगळ्या एका हत्याराच्या की दोन, यावर तज्ज्ञाला पिंजऱ्यात उभं करून रण माजलं. नंतर त्याच्यावर खोट्या साक्षीची कारवाई सुरू झाली, ती २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. तज्ज्ञ मत देतो, ते चुकलं म्हणून खोटी साक्ष होत नाही. दाभोलकरांच्या खुनाच्या तपासात तर शस्त्रांच्या अहवालांवरून असा पेच पडला की त्याच वर्षी सीबीआयने गोळ्या स्कॉटलंड यार्डला पाठवणार असल्याचं मुंबई उच्च न्यायालयात सांगितलं. जिथे कॅमेरे आणि मोठे वकील आहेत तिथे या अहवालांवर वर्षानुवर्षं भांडण होतं. आपल्या सालगड्याच्या वाट्याला पुरसिस येते.

मला कारणं माहीत आहेत. फी तुटपुंजी. तज्ज्ञाला बोलावलं तर तारखा लांबतात, आणि जामीन नसलेला आरोपीच म्हणतो, साहेब, लवकर उरका. न्यायाधीश घड्याळाकडे बघतात. शिवाय एक भीती, ती आपण बार रूममध्येच बोलतो : तज्ज्ञ आला आणि त्याने भोकं बुजवली तर? ही भीती खरी आहे. म्हणून आधी कागद मागायचे, मग माणूस. प्रयोगशाळेची वर्कशीट, सूक्ष्मदर्शकाचे फोटो, अग्रेषण पत्र, पोचपावती, मुद्देमाल रजिस्टरचा उतारा, हे सगळं कलम ९४ खाली मागवता येतं. कागद बघून ठरवा की तज्ज्ञाला बोलवायचं की निकालाच्या वेळी त्याच्या मौनावरच युक्तिवाद करायचा. नवीन संहितेत सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक पथकाने घटनास्थळी जायचं आहे आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं आहे. ते चित्रीकरण पहिल्याच तारखेला मागा. गंजीतून कट्टा निघताना दिसतो का ते तरी कळेल.

डिसेंबर २०२४ नंतर बीडमधले बाराशेच्या वर शस्त्रपरवाने राज्यभर गाजले. परवान्यांच्या बंदुका मोजता तरी येतात. बिनपरवाना कट्टे कोण मोजणार? म्हणजे असे अहवाल तुमच्याकडे येतच राहणार.

आणखी एक, कारण हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. माझा कैदी निर्दोष आहे का? मला माहीत नाही. त्या कट्ट्याने खून झाला असेलही. पण मयताच्या बायकोला कोर्टाने जे उत्तर दिलं ते अहवालात नसलेल्या एका वाक्यावर उभं आहे, आणि ज्याच्या आखाड्यावर कट्टा सापडला तो मालक सुटून घरी आहे. त्या बाईची फसवणूक झाली की नाही, हे सांगू शकणारा एकमेव साक्षीदार आपण बोलावला नाही.

तज्ज्ञाला बोलावण्याचा आणि कागद मागण्याचा असे दोन अर्जांचे मसुदे मी मराठीत तयार केले आहेत, कलमांची जुनी-नवी जुळवणी करून. ज्यांच्याकडे शस्त्रांचा अहवाल असलेला खटला चालू आहे त्यांनी आपल्या वकील संघामार्फत मागून घ्यावेत, फी नाही. पुराव्याची अवस्था कुठे आहे ते कळवा, म्हणजे कुठला अर्ज आधी द्यायचा ते सांगता येईल. तोपर्यंत पुरसिसवर सही करू नका.

आपली,
खंडपीठातली एक वकील
छत्रपती संभाजीनगर